असुरकुळातील पात्र आणि उत्तरेचे जग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नॉर्डिक पुराणकथांवर बेतलेल्या काल्पनिक जगात रोलप्लेइंग गेम, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेण्याचा खेळ, खेळणाऱ्या वाचकांची पत्रे गेल्या काही अंकांपासून सातत्याने येत आहेत. त्यांतील बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : अशा जगात खेळाडूला डीमनची, म्हणजे असुर किंवा दैत्य कुळातील पात्राची भूमिका देता येते का, आणि देता येत असेल तर ते पात्र घडवावे कसे. या वेळचे सदर पूर्णपणे या विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी चार मित्रांसाठी गेम मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, म्हणून एक मोहीम (अनेक बैठकांत चालणारी कथा) चालवतो. जग माझे स्वतःचे आहे, पण त्याचा पाया नॉर्डिक आहे : नऊ विश्वे, महावृक्ष, गोठलेली उत्तर आणि सर्वांचा अंत करणारे शेवटचे युद्ध. दोन खेळाडूंना आता डीमन वंशाची पात्रे हवी आहेत. डीमन हे देव आणि माणसे या दोघांचेही शत्रू आहेत असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. शत्रूच पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या चमूत, येऊन बसला तर सगळ्या जगाचा कणा मोडेल अशी धास्ती वाटते. परवानगी द्यावी का? – एक गेम मास्टर, पुणे

उत्तर : परवानगी अवश्य द्यावी. मात्र त्याआधी ‘डीमन हे सर्वांचे शत्रू’ हे आपले गृहीतक तपासून पाहावे, कारण अडचण खेळाडूंच्या मागणीत नसून या गृहीतकात आहे.

नरकातून आलेला, शिंगे असलेला आणि जन्मानेच दुष्ट असा डीमन ही कल्पना ख्रिस्ती परंपरेतून आलेली आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग गेम प्रसिद्ध झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या नियमांमध्ये ती रुळली. १९९४ मध्ये त्याच खेळाच्या एका विश्वात टीफलिंग हा वंश आला, ज्याच्या पूर्वजांमध्ये कोणीतरी नरकलोकीचा असतो, आणि २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तो खेळाडूंच्या मूळ नियमपुस्तकात जाऊन बसला. टीफलिंगचे सारे नाट्य रक्तात उतरलेल्या पापाशी झगडण्यात आहे. ते नाट्य चांगलेच आहे, पण ते ज्या विश्वात घडते तिथे पाप आणि पुण्य या विश्वाच्या रचनेतच घातलेल्या दोन बाजू असतात. उत्तरेच्या कथांचे विश्व असे बांधलेले नाही.

त्या कथांत देवांच्या समोर उभे असतात ते योटुन. त्यांना आपण सवयीने राक्षस म्हणतो, परंतु त्यांची वंशावळ काढून बसले की देव आणि राक्षस हा भेद हातातून निसटू लागतो. देवांचा प्रमुख ओडिन याची आई बेस्त्ला ही योटुनाची मुलगी, म्हणजे खुद्द ओडिनचे आजोळच योटुनांचे. ओडिनचा मुलगा थॉर याची आई योर्ड. आइसलँडच्या स्नोरी स्तुर्लुसोनने सुमारे १२२० मध्ये लिहिलेल्या एड्डा या पुराणकथांच्या ग्रंथानुसार तिचेही आजोळ योटुनांचे. सर्व विश्व ज्याच्या देहापासून घडवले गेले, तो यीमिर या कुळाचा मूळपुरुष आणि त्याला मारणारे ओडिन व त्याचे दोघे भाऊ. म्हणजे माणसे ज्या जमिनीवर नांगर धरतात ती जमीन एका योटुनाचे मांस आहे आणि त्याच्या खुनाची भरपाई कोणी कधी दिलेली नाही. आपल्याकडे ज्याला भाऊबंदकी म्हणतात, त्याच जातीचे हे वैर आहे : एकमेकांत सोयरीक आहे, एका पंगतीला बसणे आहे आणि जुना खून कोणी विसरलेले नाही.

या वैरातही व्यवहार कसा चालतो हे पाहायचे असेल तर स्काडीची कथा सावकाश वाचावी. तिच्या वडिलांना, त्यासीला, देवांनी आसगार्डच्या, म्हणजे आपल्या नगरीच्या, तटाजवळ मारले. त्यानंतर ही योटुनकन्या शिरस्त्राण व चिलखत घालून, सर्व शस्त्रे घेऊन एकटीच देवांच्या दारात उभी राहिली. देवांनी तिच्यावर शस्त्र उचलले नाही. त्यांनी तडजोड पुढे केली : तिने देवांमधून नवरा निवडावा, पण केवळ पाय पाहून. सर्वांत सुंदर पाय बाल्डर या देवाचेच असणार असे समजून तिने निवड केली आणि ते निघाले सागरदेव न्योर्डचे. मला हसवून दाखवा ही तिची दुसरी अट होती, तीही देवांनी पुरी केली, आणि भरपाईत भर म्हणून ओडिनने त्यासीचे डोळे आकाशात फेकून त्यांचे दोन तारे केले. लग्न मात्र टिकले नाही. न्योर्डला डोंगरातले लांडग्यांचे ओरडणे सोसेना आणि स्काडीला किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटात झोप लागेना, म्हणून ती आपल्या पर्वतात परतली आणि बर्फावर स्की बांधून धनुष्याने शिकार करू लागली. पण एवढे सगळे होऊनही तिची गणना देवांतच होत राहिली. शत्रूच्या कुळातले पात्र पार्टीत कसे बसते, हा आपला प्रश्न या कथेने केव्हाच सोडवून ठेवला आहे.

दुष्टपणा त्या जगात नाहीच, असा याचा अर्थ नव्हे. ‘वोलुस्पा’ या प्राचीन काव्यात नास्त्रोंड नावाच्या किनाऱ्यावरच्या एका दालनाचे वर्णन आहे : भिंती सापांच्या पाठींनी विणलेल्या आहेत, छपराच्या झरोक्यांतून विष ठिबकते आहे आणि आतल्या जड प्रवाहातून खोटी शपथ घेणारे व खुनी पाय ओढत चालले आहेत. त्या प्रवाहात माणूस कृत्याने पोचतो. कुळावरून कोणाला तिथे ढकललेले नाही. शपथेच्या बाबतीत देवांचे हातही स्वच्छ नाहीत. आसगार्डचा तट बांधून देणाऱ्या योटुन गवंड्याशी त्यांनी शपथपूर्वक करार केला, काम मुदतीत पुरे होऊ लागले तसे देवांत राहणाऱ्या कपटी लोकीला पुढे करून ते लबाडीने मोडले, आणि शेवटी थॉरने त्या गवंड्याला ठार केले.

तेव्हा आपल्या जगातील डीमनना शत्रू राहू द्यावे, पण ते कोणाचे, कोणत्या कारणाने आणि कोणत्या तडजोडीने शत्रू आहेत हे कागदावर मांडावे. एवढे केले की कणा मोडत नाही, उलट त्याला मणके येतात. ख्रिस्ती धर्माच्या आगमनाचा काळ आपल्या मोहिमेत असेल, तर आणखी एक वाट मोकळी आहे. जुन्या सॅक्सन भाषेतील बाप्तिस्म्याची एक प्रतिज्ञा आज उपलब्ध आहे. तिच्यात दीक्षा घेणारा सैतानाचा त्याग करतो आणि त्याच दमात थॉर व ओडिन यांचाही नावे घेऊन त्याग करतो. नव्या धर्माच्या लेखी जुने देव स्वतःच डीमनांच्या रांगेत जाऊन बसले होते. आपल्या दोन खेळाडूंना ‘डीमन’ हे नाव नेमके कोणी दिले आहे, याचे उत्तर त्या दृष्टीने शोधून पाहावे.

प्रश्न : डीमन पात्राला नियमांत कोणत्या शक्ती द्याव्यात? तयार पुस्तकांत शिंगे, शेपटी, आगीपासून संरक्षण आणि अंधारात दिसणे एवढेच सापडते. तेच नॉर्डिक रंग देऊन वापरले तर चालेल का? – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : चालेल, परंतु त्यात उत्तरेचे काही उरणार नाही. शिंगांवरून सुरुवात करण्यापेक्षा योटुन काय करू शकत होते ते आधी पाहावे.

ते रूप बदलत. त्यासी आणि सुत्तुंग हे दोघेही गरुड होऊन पाठलाग करतात. ते डोळ्यांना फसवत. उतगार्डाच्या लोकीने (हा एक योटुन राजा, देवांत राहणारा लोकी वेगळा) थॉरला पेयाने भरलेले शिंग दिले, ज्याचे दुसरे टोक समुद्रात होते, आणि त्याची कुस्ती एका म्हातारीशी लावली, जी प्रत्यक्षात वृद्धावस्था होती. त्यांना सर्वांत जुन्या गोष्टी ठाऊक होत्या. वाफथ्रुडनिर या योटुनाकडे ओडिन वेष पालटून ज्ञानाची पैज लावायला गेला आणि पणाला लागले होते मस्तक. आकाराने ते नेहमी प्रचंड असत असेही नाही. गेर्ड ही योटुनकन्या दार उघडायला हात उचलते तेव्हा तिच्या बाहूंच्या तेजाने आकाश आणि समुद्र उजळतात, आणि ते दुरून पाहून फ्रेयर देव अन्नपाणी सोडतो. आगच हवी असेल तर मुस्पेल हा अग्निलोक आणि तिथे जळती तलवार घेऊन बसलेला सुर्त हे आहेतच, पण ती त्या एका घराण्याची खूण ठेवावी आणि सर्व डीमनांना सरसकट वाटू नये.

म्हणून माझी सूचना अशी, की वंशाला एकच एक शक्ती न देता घराणी पाडावीत आणि प्रत्येक खेळाडूने आपले घराणे निवडावे. हिमकुळाला थंडी बाधू नये व बर्फावरची वाट चुकू नये. मायावी कुळाला थोडा काळ टिकणारा आभास निर्माण करता यावा. जुन्या ज्ञानाच्या कुळाला मोहिमेत ठरावीक वेळा गेम मास्टरला प्राचीन गोष्टीविषयी प्रश्न विचारून खरे उत्तर मिळवता यावे. मर्यादाही कथांतूनच घ्याव्यात. ह्रीमगेर्ड ही जलराक्षसी रात्रभर वाद घालत राहिली, बोलता बोलता सूर्य उगवला आणि बंदराच्या तोंडाशी ती दगड होऊन उभी राहिली. एखाद्या घराण्याला दिवसाचे असे भय ठेवले, तर प्रत्येक प्रवासात वेळेचा हिशेब करावा लागतो आणि टेबलावरचा ताण फासे न टाकताही वाढतो.

मात्र माझ्या मते या पात्राचे खरे वजन शक्तींच्या रकान्यात नसते. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदपत्रावर, आणखी काही ओळी आखाव्यात : आईचे कूळ, वडिलांचे कूळ, या कुळावर किंवा या कुळाचे दुसऱ्यावर असलेले एक न फिटलेले ऋण, आणि पात्राने साक्षीदारांसमोर घेतलेली एक शपथ. उदाहरण घेऊ. वडील हिमकुळातले आणि आई किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याची मुलगी, अशी एक तरुणी पात्र म्हणून आहे. तिच्या चुलत्याला ज्या सरदाराने मारले, त्याच्याच मुलाबरोबर ती आता एका जहाजावर आहे, आणि हिवाळा संपेपर्यंत आपण त्याच्यावर हात उचलणार नाही अशी शपथ तिने वल्ह्यांवर बसलेल्या सर्वांसमक्ष घेतली आहे. हे पात्र खेळणाऱ्या मुलीला शिंगांची गरज भासणार नाही. प्रत्येक वादात, प्रत्येक वाटणीत आणि तो मुलगा बुडू लागेल त्या क्षणी तिला निर्णय घ्यावा लागेल.

शपथ मोडली तर काय, हे नियमात आधीच लिहून ठेवावे. घराण्याची विद्या त्या पात्रासाठी बंद व्हावी, आणि ऋण फेडेपर्यंत किंवा भरपाई स्वीकारली जाईपर्यंत ती परत मिळू नये. सत्प्रवृत्त व दुष्प्रवृत्त असे पात्रांचे कप्पे करण्याची पद्धत या जगापुरती बाजूला ठेवावी आणि तिच्या जागी शब्दाची पत मोजावी. ‘लोकासेन्ना’ या काव्यात लोकीला मेजवानीत कोणी जागा देईना, तेव्हा तो ओडिनला आठवण करून देतो, की आपण दोघांनी प्राचीन काळी रक्त मिसळले होते आणि दोघांना मिळाल्याखेरीज तू मद्याला तोंड लावणार नव्हतास. ओडिनला आपल्या मुलाला उठवून लोकीसाठी जागा करून द्यावी लागते. एका शब्दाची शक्ती किती असावी, याचे याहून चांगले माप मला दुसरे दिसत नाही.

प्रश्न : डीमन पात्र गावात शिरले की गावकरी लगेच शस्त्रे काढतात, असे आमच्या खेळात दर वेळी घडते आणि सगळी कथा तिथेच अडते. काय करावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : शस्त्र काढण्यापूर्वी गावकऱ्यांना दोन गोष्टी आठवतील असे जग रचावे : पाहुणचार आणि पंचायत.

‘हावामाल’ या काव्यात दारी आलेल्या परक्याला काय लागते ते सांगितले आहे : गुडघे गारठले असतील तर शेकोटी, डोंगर ओलांडून आला असेल तर अन्न आणि कपडे, जेवणापूर्वी पाणी आणि अंग पुसायला वस्त्र, आणि मनापासून केलेले स्वागत. हिवाळ्यात दार नाकारणे म्हणजे माणूस मारणे होय, हे तिथल्या प्रत्येकाला समजते. त्यामुळे आपल्या गावकऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो : दारातला पाहुणा डीमन आहे, पण तो पाहुणा आहे. त्याला आत घेतले तर शेजारी काय म्हणतील, आणि न घेतले तर आपल्या घराची अब्रू कुठे राहील, हा प्रश्न खेळाडूंसमोर त्या घरच्या माणसांच्या तोंडून येऊ द्यावा. एकदा मीठभाकर खाल्ली की दोन्ही बाजू बांधल्या गेल्या, असा सरळ नियमही करता येईल.

दुसरी गोष्ट न्यायाची. आइसलँडमध्ये ९३० च्या सुमारास आल्थिंग ही सर्व देशाची सभा भरू लागली. तिथे खटले चालत, खुनाची भरपाई ठरे आणि कोणाला वाळीत टाकायचे तेही ठरे. सौम्य शिक्षेत तीन वर्षे देशाबाहेर राहावे लागे. कडक शिक्षेत माणसाचे सर्व संरक्षण संपे, त्याला कोणीही अन्न वा आसरा देऊ नये आणि त्याला मारणाऱ्याला शिक्षा नसे. गावातल्या डीमनावर हल्ला करण्याऐवजी त्याच्यावर खटला भरला जाऊ द्या. त्याच्या बाजूने साक्ष कोण देणार, भरपाई कोण भरणार, त्याच्या कुळातले कोणी सभेला येण्याचे धाडस करील का, यातून खेळाची दोन-तीन सेशन, म्हणजे बैठका, सहज उभी राहतील आणि पार्टीतल्या बोलक्या खेळाडूला तलवारबहाद्दराइतकेच काम मिळेल.

प्रश्न : घटोत्कच किंवा बळीराजा यांच्यासारखे पात्र अशा जगात घेता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांचा भाव घेता येईल, त्यांची व्यवस्था मात्र तशीच उचलून नेता येणार नाही. असुर असूनही न्यायी असलेला राजा मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणून बलिप्रतिपदेला ओवाळणाऱ्या घरांत वाढलेल्या खेळाडूला शत्रुकुळातले सज्जन पात्र रंगवणे जड जात नाही, आणि हा आपला मोठा ठेवा आहे. पण आपल्या असुरांचे सामर्थ्य बहुधा तपश्चर्येतून आणि वरातून येते. वर देणारा कोणी उत्तरेच्या कथांत बसलेला नाही. तिथे सामर्थ्य पैजेने, करारावर, लुटीतून किंवा काही गमावून मिळते. ज्ञानासाठी ओडिनलाही आपला एक डोळा मीमिरच्या विहिरीत ठेवावा लागला. आपल्या बळीला वराऐवजी करार द्यावा आणि त्या कराराची किंमत त्याच्याकडून खेळात वसूल करावी.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर खेळताना डीमनचे पात्र घेतो. यातून त्याच्या मनावर वाईट परिणाम होईल का, अशी काळजी घरच्यांना वाटते. – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ही काळजी नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळांवर सैतानपूजेचे आरोप झाले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी डीमन आणि डेव्हिल ही नावेच काढून त्या जागी बनवलेली नावे घातली, आणि पुढे मूळ नावे परत आली. त्याच दशकात, १९८२ मध्ये, स्वीडनमध्ये निघालेल्या आणि तिथे अतिशय लोकप्रिय झालेल्या खेळाच्या शीर्षकातच ड्रॅगनांसोबत डीमन होते. पात्राच्या वंशावरून मुलाविषयी काहीच कळत नाही. ते पात्र काय करते, याकडे लक्ष द्यावे. एक दिवस त्यांच्या खेळाला शेजारी बसावे आणि नंतर त्याला विचारावे, की तुझ्या पात्राने तो निर्णय का घेतला. चौदा वर्षांच्या मुलाशी शब्द पाळणे आणि वैर सोडणे यांवर बोलण्याची अशी संधी एरवी सहसा मिळत नाही.

प्रश्न : ड्रौगर, म्हणजे थडग्यातून उठणारा मृत, हाही डीमनांसारखा खेळण्याजोगा वंश करावा काय? – एक गेम मास्टर, बेळगाव

उत्तर : वंश म्हणून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. योटुनाला आईबाप, सोयरे आणि मुले असतात. ड्रौगर हा एकेका माणसाचा शेवट असतो. ग्रेटिरच्या सागामधील (सागा म्हणजे आइसलँडची जुनी गद्यकथा) ग्लाम हा आधी एक रांगडा मेंढपाळ होता. मेल्यावर तो घरांच्या छपरांवर बसून लाथा मारू लागला, आणि ग्रेटिरने त्याला लोळवले तेव्हा मरता मरता त्याने दिलेल्या शापामुळे ग्रेटिरसारखा वीर पुढे आयुष्यभर अंधाराला भीत राहिला. असे भय जपायचे असेल तर ड्रौगर दुर्मीळच हवा.

तरीही एखाद्या खेळाडूचे पात्र मेले आणि त्याला तेच पात्र सोडवत नसेल, तर एर्बिग्या सागामधील फ्रोडा येथील प्रसंग उपयोगी पडेल. त्या घरात बुडालेली आणि रोगाने मेलेली माणसे रोज संध्याकाळी येऊन शेकोटीभोवती बसू लागली आणि जिवंतांना जागा उरेना. तेव्हा घरच्यांनी दारातच न्यायसभा भरवली, प्रत्येक मृतावर नाव घेऊन विनापरवाना घरात शिरल्याचा आरोप ठेवला, साक्षी घेतल्या आणि रीतसर निकाल दिला. निकाल ऐकून एकेक मृत उठला, बसता आले तोवर बसलो अशा अर्थाचे काहीतरी बोलला आणि ज्या दारात न्यायसभा नव्हती त्या दाराने निघून गेला. हीच पद्धत नियमात घ्यावी : मृत पात्र परत येऊ शकते, पार्टीबरोबर बसू शकते, बोलूही शकते, पण जिवंतांपैकी कोणी साक्षीदारांसमोर त्याच्यावर खटला भरला आणि निकाल विरुद्ध गेला, तर त्या खेळाडूने पात्राचे शेवटचे एक वाक्य बोलावे आणि पुढच्या सेशनला नवे कॅरेक्टर शीट घेऊन यावे.